टेस्टसाठी माहिती पुरवणारी फॅक्टरी

सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची टेस्ट लिहायची तर आधी माहिती लागते. तिकीट आरक्षणाच्या सेवेत ६० वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला सवलत मिळते का, हे तपासायला एक प्रवासी हवा. त्याच्या नोंदीत नाव, ईमेल, फोन, पत्ता, जन्मतारीख असे दहा-बारा रकाने असतात आणि आवश्यक रकाना रिकामा राहिला तर डेटाबेस नोंद स्वीकारत नाही. सवलतीचा संबंध मात्र फक्त जन्मतारखेशी असतो.

प्रत्येक टेस्टमध्ये सगळे रकाने भरले, तर मुद्द्याची एक ओळ बाकीच्या अकरा ओळींत हरवते. दुसरी जुनी पद्धत फिक्स्चरची. त्यात नमुन्याच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवतात आणि सगळ्या टेस्ट त्याच वापरतात. समजा, ‘५९ वर्षांच्या प्रवाशाला सवलत नाही’ या टेस्टसाठी फाइलमध्ये १५ मार्च १९६६ ही जन्मतारीख लिहून ठेवली. १४ मार्च २०२६ पर्यंत टेस्ट पास होते. दुसऱ्या दिवशी कोडचे एक अक्षरही न बदलता ती फेल होते. तारीख दुरुस्त करावी, तर त्याच नोंदीवर उभी असलेली दुसरी टेस्ट मोडते.

यावरचा उपाय म्हणजे फॅक्टरी, अर्थात मागितल्याबरोबर नवा कोरा ऑब्जेक्ट बनवून देणारे फंक्शन. प्रत्येक रकान्याची चालण्याजोगी किंमत तिच्याकडे असते आणि टेस्ट फक्त आपल्याला हवा तो रकाना सांगते. प्रवाशाच्या फॅक्टरीला ‘वय ५९’ एवढेच कळवले, की ती आजच्या तारखेवरून जन्मतारीख काढते आणि उरलेले रकाने स्वतः भरते. उद्या नोंदीत नवा आवश्यक रकाना आला, तर बदल एकट्या फॅक्टरीत करावा लागतो.

जावास्क्रिप्टमध्ये साधी फॅक्टरी चार-पाच ओळींत होते. ठरलेल्या किमतींवर टेस्टने दिलेल्या किमती तीन टिंबांच्या स्प्रेड खुणेने पसरायच्या. मात्र स्प्रेड वरच्या थरापुरताच चालतो. पत्त्यातला फक्त पिनकोड दिला, तर गाव आणि रस्ता गळून पडतात, कारण जुना पत्ता अख्खाच बदलला जातो. शिवाय ठरलेल्या किमती फंक्शनच्या आतच लिहायला हव्यात. बाहेर ठेवलेली यादी सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामाईक राहते आणि एका टेस्टने तिच्यात घातलेली भर दुसरीला दिसते.

काही रकान्यांत पुनरावृत्ती चालत नाही. ईमेलसाठी फॅक्टरी अनुक्रमांक ठेवते आणि प्रत्येक पत्त्यात पुढचा आकडा घालते. त्यासाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले डोमेन वापरले, तर चुकून खऱ्या माणसाला मेल जाण्याची भीती उरत नाही.

ऑब्जेक्ट दोन प्रकारे मागता येतो. ‘बिल्ड’ केल्यास तो फक्त मेमरीत तयार होतो. ‘क्रिएट’ केल्यास डेटाबेसमध्येही जातो. सवलतीचे गणित तपासायला पहिला प्रकार पुरतो आणि तो कितीतरी वेगवान असतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये डेटाबेसचे काम प्रॉमिस देऊन मागाहून पूर्ण होते. तिथे ‘अवेट’ विसरले, तर नोंद तयार होण्याआधीच टेस्ट ती शोधू लागते. जोडलेल्या नोंदींचेही भान हवे. एका आरक्षणासाठी प्रवासी, गाडी, मार्ग, स्थानके अशी साखळी दर वेळी डेटाबेसमध्ये तयार होऊ लागली, तर टेस्ट रेंगाळतात.

फॅक्टरीची ही पद्धत रुबी भाषेच्या जगात २००८ मध्ये थॉटबॉट कंपनीच्या ‘फॅक्टरी गर्ल’ या लायब्ररीने रुजवली; २०१७ मध्ये त्या लायब्ररीचे नाव ‘फॅक्टरी बॉट’ झाले. जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टसाठी त्याच कंपनीची ‘फिशरी’ आहे; ‘रोझी’ ही आणखी एक लायब्ररी. नावे-पत्ते खऱ्यासारखे दिसावेत म्हणून जोडीला ‘फेकर’ वापरतात. त्याला ठरावीक सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिला, की तीच माहिती त्याच क्रमाने पुन्हा मिळते आणि फेल झालेली टेस्ट जशीच्या तशी चालवून पाहता येते.

फॅक्टरी वापरताना एक शिस्त कटाक्षाने पाळावी लागते. टेस्टचा निकाल ज्या किमतीवर ठरतो, ती किंमत टेस्टमध्येच लिहिलेली असावी, मग फॅक्टरी योगायोगाने तीच देत असली तरीही. फॅक्टरीतले वय ६० आहे म्हणून सवलतीच्या टेस्टने गप्प राहायचे ठरवले, तर उद्या कोणी ते ३५ करताच टेस्ट फेल होते आणि कारण भलत्याच फाइलमध्ये सापडते. ‘वय ६०’ हे दोन शब्द टेस्टमध्ये असले, की वाचणाऱ्याला नियम तिथेच कळतो.