झारा, ग्रहण आणि खोडदची दुर्बीण

फेब्रुवारी संपत आला की घराघरांत एक दृश्य हमखास दिसतं. रात्री नऊ वाजता चिरंजीवांना आठवतं, ‘आई, उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे!’ मग थर्माकोल, डिंक, जुनी बाटली यांची शोधाशोध होते आणि ज्वालामुखी तयार होतो. खायचा सोडा आपला, लिंबू आपलं, जागरणही आपलंच. दुसऱ्या दिवशी मुलाला बक्षीस मिळतं आणि आपल्याला त्याचं कौतुकही वाटतं. पण मैत्रिणींनो, तो फेस का येतो, हे कुणी आपल्याला सांगितलं का? (लिंबातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. आपला ढोकळा फुगवतो तोच हा वायू!)

विज्ञान म्हणजे मुलांचा अभ्यास, आपण फक्त डबा भरून द्यायचा, असं जणू ठरूनच गेलं आहे. शास्त्रज्ञांनी मात्र दार सगळ्यांसाठी उघडलेलं असतं. सर सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या खोडदला अक्षरशः जत्रा भरते. तिथे आहे ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण. आजूबाजूच्या शाळांतली मुलं प्रयोग मांडतात, गावोगावची माणसं येतात आणि एरवी आकाशाचा अभ्यास करणारे संशोधक लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत उभे असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाची सहल तिथे न्यायचं मी सुचवलं, तेव्हा थोडी कुरकुर झालीच. ‘देवदर्शन नाही, खरेदी नाही, तिथे जाऊन करायचं काय?’ शेवटी ‘येताना ओझरचा विघ्नहर करू’ या बोलीवर दोन जीपा भरल्या. दशम्या, ठेचा, दाण्याची चटणी बरोबर घेतली आणि तमाशाची पंढरी असलेल्या नारायणगावावरून खोडदला पोचलो.

लांबूनच त्या तबकड्या दिसायला लागल्या आणि जीपमधल्या गप्पा थांबल्या. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, म्हणजे दीडशे फुटांच्या आसपास. अशा तीस! चौदा जवळजवळ आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. सगळ्या मिळून एकच दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून आणि आपल्याच अभियंत्यांच्या हातून ती उभी राहिली. आत जाताना मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात की आपल्या फोनच्या गलबल्यात ते बुडून जातात.

आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क काकूंनी तबकडीकडे नीट पाहिलं आणि तिथल्या तरुण संशोधक मुलीला सरळ विचारलं, ‘अगं पोरी, एवढी मोठी परात केलीत, पण सगळी जाळीच! यातून सगळं गळून जात नाही का?’

आम्ही हसलो. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, ‘काकू, पिठाच्या चाळणीत शेंगदाणे टाकले तर खाली पडतील का? या रेडिओलहरी वीतभर ते काही मीटर लांबीच्या आहेत आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची. लहरींना ही जाळी भिंतीसारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून तबकडी हलकी बांधता आली आणि खर्चही वाचला.’ बाकीच्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. उत्तर सगळ्यांनाच हवं होतं, विचारलं फक्त काकूंनी!

मग काकूंची भीड चेपली. ‘ग्रहणात वरून काही विष-बिष उतरतं का गं?’

‘ग्रहण म्हणजे सावली, काकू. सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो आणि त्याची सावली आपल्यावर पडते. ढगाची पडते तशीच. नवीन काही खाली उतरत नाही. डोळ्यांची काळजी मात्र खरी. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचंच नाही, ग्रहण असो वा नसो.’

‘आणि पोटातल्या बाळाचं?’

‘सावलीनं त्याला काही होत नाही. पण बाळाचं सगळं नीट समजून घ्यायचं तर डॉक्टरांनाच विचारा. माझा विषय आकाशाचा.’

काकूंनी हे उगाच विचारलं नव्हतं. आमच्याच गल्लीतल्या एका सुनेची मुलगी दुभंगलेल्या ओठाची जन्मली. ‘ग्रहणात भाजी चिरली असशील,’ हे वाक्य तिला उठता-बसता ऐकवलं जायचं. तिनं काही चिरलं नव्हतं, पण ऐकून ऐकून तिचाच स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मुलीला कडेवर घेऊन बाहेर पडायचंही तिनं सोडलं होतं.

परत आल्यावर आम्ही मंडळात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं, बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या सातव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. ओठ न जुळण्यामागे आनुवंशिकता, काही औषधं, धूम्रपान अशी अनेक कारणं असू शकतात, कधी नेमकं एक कारण सापडतही नाही. शस्त्रक्रियेनं ओठ नीट होतो आणि ती पहिल्या वर्षातच करणं चांगलं. उलट गर्भारशीला तासन् तास अन्नपाण्यावाचून बसवणं हेच तिच्या तब्येतीला बरं नाही.

काकूंनी मनात हिशेब केला. ग्रहण झालं तेव्हा त्या सुनेला सातवा महिना होता. बाळाचा ओठ जुळायचा काळ कधीच मागे पडला होता! दुसऱ्याच दिवशी त्या त्या घरी गेल्या आणि सासूबाईंना हे सगळं सांगून आल्या. सासूबाई ‘हो’ म्हणाल्या नाहीत. पण पुन्हा ते वाक्य काही त्यांच्या तोंडून ऐकू आलं नाही. वर्ष व्हायच्या आत मुलीची शस्त्रक्रियाही झाली.

मला वाटतं, विज्ञान घरात येतं ते असं. मुलगा शाळेत ग्रहणाची आकृती काढून दहापैकी दहा गुण मिळवतो आणि घरी त्याच दिवशी त्याची वहिनी अंधाऱ्या खोलीत बसलेली असते. कारण घरातले नियम ठरवणाऱ्या बायकांपर्यंत ती आकृती पोचलेलीच नसते.

तसा काळ बदलतोय. आई सांगते, १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला रस्ते ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ ला मात्र ऐन दिवाळीत कितीतरी माणसं खग्रास ग्रहण बघायला राजस्थान, उत्तर प्रदेशापर्यंत गेली. मधल्या काळात खगोलशास्त्रज्ञांनी आणि हौशी आकाशप्रेमींनी लोकांशी बोलण्याचे जे कष्ट घेतले, त्याचा यात मोठा वाटा आहे.

डॉ. जयंत नारळीकरांचंच बघा ना. मुलं स्वाक्षरी मागायची, तेव्हा ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल! पुण्याच्या ‘आयुका’त त्यांनी मुलांसाठी विज्ञानाचं दार उघडलं. त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८१ मध्ये, घरसंसार सांभाळून गणितात डॉक्टरेट मिळवली आणि ‘गणितगप्पा’ लिहून अवघड विषय सोपा केला. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर सर २०२५ मध्ये. प्रश्न विचारायची त्यांनी लावलेली सवय मात्र आपल्याला जपता येईल.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. ढगांनी वाट दिली, तर दुपारनंतर आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल. तेव्हा एक करून बघा. सूर्याकडे पाठ करा आणि बारीक भोकांचा झारा कमरेएवढ्या उंचीवर धरा. झाऱ्याच्या एकेका भोकातून जमिनीवर सूर्याची छोटी छोटी प्रतिमा उमटेल, कडेला कुरतडलेल्या पोळीसारखी. बघायचं ते जमिनीवर, वर नाही. घरात गर्भारशी सून किंवा लेक असेल, तर तिलाही पोटभर जेवू घालून अंगणात बोलवा.

आणि पुढच्या विज्ञान दिनाला जवळच्या महाविद्यालयात, विज्ञान केंद्रात किंवा खोडदला जाणार असाल, तर आधी चौकशी करून जा. मुलांना सोडून फाटकाशी थांबू नका. आत जा, आणि मनात येईल ते विचारा. उत्तर द्यायला माणसं उभी असतात हो!