घट बसण्याआधीचा पंधरवडा

भाद्रपदी पौर्णिमा सरली की मुळशीच्या खोऱ्यात पावसाचा जोर ओसरू लागतो. खाचरांत भात पोटरीला आलेले असते, बेणणी आटोपलेली असते, कापणीस अजून अवकाश असतो. आणि एरवी वर्षभर दुर्मिळ असलेली थोडी सवड घरातील माणसांच्या वाट्यास येते. याच सवडीत ओढ्याकाठच्या खडकांवर गोधड्या वाळू लागतात, फडताळातील भांडी ओसरीवर येऊन बसतात आणि माळ्यावरचे सामान अंगणात उतरते. या सगळ्या खटाटोपास आपल्याकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात. दसरा साजरा होतो तो दशमीस. पण तो ‘काढावा’ लागतो त्याच्या कितीतरी आधी, आणि तोही कंबर मोडेपर्यंत, हे घरातील स्त्रीवर्गास निराळे सांगावयास नको.

हा दसरा काढावयाचा तो घट बसण्यापूर्वी, म्हणजे बहुधा भाद्रपद वद्य पक्षात. हाच पितृपंधरवडा. या दिवसांत नवी वस्तू घरात आणू नये, नव्या कार्यास हात घालू नये, असा संकेत अनेक घरांतून निष्ठेने पाळला जातो. त्यामागील शास्त्रार्थ विद्वानांनी सांगावा. आम्हांस मात्र त्यातील व्यवहार फार मनोरम वाटतो. ज्या दिवसांत बाजाराची पायरी चढावयाची नाही, नेमक्या त्याच दिवसांत घर जगदंबेच्या स्वागतास सिद्ध करावयाचे! मग ते सिद्ध करावयाचे कशाने? जे घरात आहे, शेतात आहे, गोठ्यात आहे, त्यानेच. नव्याची खरेदी वर्ज्य असली तरी जुन्याची डागडुजी वर्ज्य नाही. पूर्वजांचे स्मरण ज्या पक्षात करावयाचे, त्याच पक्षात त्यांनी उभ्या केलेल्या भिंतीवरून मायेने हात फिरवावयाचा, हा योग आम्हांस तरी केवळ योगायोग वाटत नाही.

अलीकडे हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटला आहे. हिंजवडी, पिरंगुट, भूगाव ही गावे मुळशी तालुक्यातीलच. तेथील इमारती आणि कारखाने यांच्यामुळे तालुक्याचे रूप पालटले. जमिनींना मोल आले, कौलांच्या जागी स्लॅब आले, आणि नवरात्राआधी घर रंगवावयाचे म्हणजे ठेकेदारास सांगावयाचे, अशी रीत पडली. ज्याची ऐपत आहे त्याने ते अवश्य करावे. परंतु शेजाऱ्याची भिंत गुलाबी झाली म्हणून आपलीही व्हावी, आणि त्यासाठी व्याजाने पैसे काढावेत, हे आम्हांस पटत नाही. देवी नऊ दिवस बसते आणि उठते. हप्ते पुढच्या नवरात्रापर्यंत घरात मुक्काम ठोकून असतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डोंगरकपारीच्या गावांतून आजही काही कुडाची घरे उभी आहेत. कारवीच्या काठ्या एकमेकींशेजारी गुंफावयाच्या आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी माती लिंपावयाची, अशी ही भिंत. कारवी सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून, बी धरून वाळते. म्हणजे आपल्या भिंतीतील काठीदेखील सह्याद्रीच्या एका दीर्घ व्रताचे उद्यापनच म्हणावयाचे. ताम्हिणीच्या अंगास पाऊस असा काही झोडपतो, की पश्चिमेकडील भिंतीची माती आषाढ-श्रावणातच ढासळू लागते. ती लिंपताना काळी माती वापरू नये. ती ओलीने फुगते, वाळली की आकसते आणि भिंतीस भेगा पडतात. तांबडी किंवा मुरमाड माती चाळून घ्यावी, तीत शेण आणि बारीक तोडलेला भाताचा पेंढा मिसळावा, आणि पायांनी तुडवून चार-पाच दिवस मुरू द्यावी. तुडवण्याचे काम मुलांकडे द्यावे. सांगावेही लागत नाही. पेंढा हा या गिलाव्याचा प्राण. त्याचे तंतू मातीस धरून ठेवतात म्हणून वाळताना ती उकलत नाही. जुनी भिंत आधी पाण्याने भिजवावी, एकदम जाड थर न देता दोन पातळ थर द्यावेत, आणि माती अर्धवट सुकली असता ओल्या हाताने घोटून घ्यावी.

चुन्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण तो जितका स्वस्त तितकाच तापट. कळीचा चुना आणून तो लोखंडी बादलीत किंवा पिंपात विरवावा. प्लॅस्टिकच्या बादलीचा त्या उष्णतेपुढे निभाव लागेलच असे नाही. पाणी आधी घ्यावे आणि त्यात चुन्याची ढेकळे थोडी थोडी सोडावीत. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये, तो उसळतो. हे काम मोठ्या माणसाने करावे, मुलांना दूर ठेवावे, आणि शक्यतो डोळ्यांस चष्मा असावा. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात उडाला तर दृष्टीस अपाय होऊ शकतो. तसे झालेच तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. काटकसर कोठे करावी यापेक्षा ती कोठे करू नये हे कळणे अधिक मोलाचे, असे आमचे मत आहे.

विरलेला चुना निदान एक दिवस तसाच ठेवावा, मग दुधासारखा पातळ करून फडक्याने गाळावा. त्यात भाताची पेज किंवा डिंकाचे पाणी आणि मूठभर मीठ घातले की तो हातास लागत नाही, भिंतीस मात्र चिकटतो. नीळ चिमूटभर पुरे. अधिक झाली तर घरास शाळेचा गणवेश चढविल्यासारखे दिसते! भिंत ओलसर करून पातळ हात द्यावा. प्रथम तो फिका दिसतो आणि नवख्या माणसाचा धीर सुटतो. परंतु चुना जसजसा वाळतो तसतसा तो हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून घेऊन पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, आणि दुसऱ्या दिवशी भिंत अशी पांढरीशुभ्र उजळते की पाहत राहावे. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. तैलरंगावर मात्र चुना धरत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

मातीच्या भिंतीस तैलरंग किंवा सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह अनेकांना होतो. भिंत गुळगुळीत होते, पुसता येते, हे खरे. पण मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर रंगाचा पापुद्रा बसला की ओल आतच कोंडते, रंगास फोड येतात आणि एखाद्या वर्षी गिलाव्याचे पोपडे पडू लागतात. चुन्यातून भिंतीस श्वास घेता येतो. आपल्या आजीस हे रसायन ठाऊक नव्हते. परिणाम ठाऊक होता.

ज्यांचे बिऱ्हाड आता सदनिकेत आहे त्यांना ना शेण ना माती. पण ओल त्यांच्याही पाठीस लागलेलीच असते. भिंतीवर डाग दिसताच रंगाचा डबा आणू नये. प्लॅस्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून त्या जागी घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. आतल्या बाजूस पाणी जमले तर ओल भिंतीतून येत आहे. तेव्हा नळ, गच्ची किंवा शेजारचे न्हाणीघर तपासावे. बाहेरच्या बाजूस जमले तर ती हवेतील ओल. खिडकी उघडी ठेवणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे सरकवणे एवढेही पुष्कळदा पुरते. कौलारू घराच्या धन्याने याच दिवसांत आढ्याखाली उभे राहून, पाणी कोठे गळले त्याचे डाग पाहावेत आणि वाशावर कोळशाने खूण करावी. वैशाखात शाकारणीच्या वेळी गळकी जागा कोणासही आठवत नाही.

गोधडीचे काम पावसावर अवलंबून. हस्ताच्या सरी कधी गाठतील याचा नेम नसतो, म्हणून सकाळी आकाश निवळलेले पाहूनच धुणे काढावे, आणि एका दिवशी सगळ्या गोधड्या भिजवू नयेत. नाही तर रात्री पांघरावयास काही उरत नाही. विरलेले लुगडे फेकावयाचे नाही. त्याचा बरा भाग नव्या वाकळेत जातो, काठ देवघराच्या पडद्यास लागतो, आणि उरलेली चिंधी सारवणाच्या पोतेऱ्यास येते. धावदोऱ्याने शिवलेल्या वाकळेत आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर आणि नातवाचे झबले शेजारी शेजारी येतात.

हे सगळे वाचून एखादी सून म्हणेल, लिहिणाऱ्याचे काय जाते! तिचे म्हणणे खरे आहे. पुष्कळ घरांतून दसरा ‘घर काढते’ असे म्हणतात, आणि तो काढणारी असते एकटी गृहिणी. गोधड्या तिने आपटायच्या, डबे तिने घासायचे, भुई तिने सारवायची, आणि मग नऊ दिवसांचे उपवासही तिनेच करावयाचे. शक्तीची उपासना करावयाची आणि घरातील शक्ती घटापुढे बसण्याआधीच दमून जावयाची, हे कसले नवरात्र? शिडीवर कारभाऱ्याने चढावे, पाणी मुलग्यांनी आणावे, भिजलेल्या गोधडीचे दुसरे टोक पिळण्यास पुरुषाचा हात असावा. बाजारात पैसा वाचला तो घरातील एकीच्या पाठीतून वसूल होत असेल, तर तिला काटकसर म्हणता येणार नाही.

झाडू हाती धरणे पुरुषास कमीपणाचे वाटत असेल तर मुळशीकरांनी तरी एक नाव आठवावे. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी ज्या लढ्याने दिली तो मुळशीचा सत्याग्रह. टाटा कंपनीच्या धरणाखाली गावे जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी तो आरंभिला आणि १९२४ पर्यंत तो या ना त्या रूपाने चालला. धरण झाले, घरेदारे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. ते पाणी आजही भिरा येथे वीज करण्यास घाटाखाली उतरते. या लढ्याचे सेनापती रोज सकाळी हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडीत. धरणाच्या काठावर ज्यांचे मूळ घर आता दिसत नाही अशी कुटुंबे या तालुक्यात आहेत. ढासळलेली भिंत लिंपावयास मिळणे हेही एक भाग्य आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

केरसुणीचा विषय निघालाच आहे, तर तेवढी मात्र नवी घ्यावी. पितृपंधरवडा संपल्यावर, आणि शक्य तर शिंदीच्या पानांची, विणणाऱ्याच्याच हातून. लक्ष्मीपूजनास तिची पूजा होते ती उगाच नव्हे.

घर झाले की शेवटी देवघर. लाकडी देव्हारा पाण्याने धुऊ नये, फुगतो. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. पितळी समई आणि टाक चिंचेच्या कोळाने घासावेत. देव्हाऱ्यापुढची दीड-दोन हात जागा, फरशी असली तरी, गेरूने रेखावी. नऊ दिवस अखंड नंदादीप तेवणार असतो, तेव्हा त्याच्यामागे साडीची आरास करताना आम्ही हात जोडून विनवितो, की ज्योतीपासून कापड पुरते दूर असावे, वाऱ्याने हलून जवळ येणार नाही असे बांधलेले असावे, आणि समई वाळू पसरलेल्या ताटात ठेवावी. रात्री घरातील सर्वांनी निर्धास्त झोपावे म्हणून एवढे जपणे आवश्यक आहे. विजेच्या माळा लावावयाच्या असतील तर जुनी, सोललेली वायर चिंधी गुंडाळून वापरू नये. येथे चार पैसे खर्चावेत.

घटासाठी माती आपल्याच शेतातली, चाळून बारीक केलेली. पत्रावळ पानांची, धान्य घरच्या कणग्यांतले. पहिल्या माळेस विड्याची पाने आणि पुढे कारळ्याची पिवळी फुले, ही आपल्याकडील चाल. मुळशीच्या उतारांवर कारळा या सुमारास फुलतो आणि मुले ओंजळी भरून फुले आणतात. रोज एक माळ ओवण्याचे काम घरातील सर्वांत लहान बोटांकडे द्यावे, वाकडी झाली तरी.

पिंपाच्या तळाशी चुना बहुधा उरतोच. तो टाकून देऊ नये. वर चार बोटे पाणी राहील असे पाहून, घट्ट झाकून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. पाण्याखालचा चुना खराब होत नाही, उलट मुरून अधिक मऊ होतो, आणि कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनास एक हात देण्यास तो पुरतो.