भाकरी खाल्ली, तरी अंगात बळ का नाही?



नांदेडचा मोंढा घ्या की लातूरचे मार्केट यार्ड. हमाल सकाळी भाकरी-चटणी खातो आणि पाठीवर पोते घेतो. दुपारपर्यंत पोती उचलते ती खरे तर भाकरीच. हे कसे घडते ते शाळेच्या पुस्तकात ‘पेशीश्वसन’ या नावाखाली दिलेले आहे. लातूरला खोली करून ‘नीट’ची तयारी करणारी आपली लेकरे तो धडा घोकतात, पण सुट्टीत घरी आल्यावर आईला काही सांगत नाहीत. म्हणून आज आम्हीच सांगतो. आईलाच त्याची जास्त गरज आहे.

ज्वारीत पिष्ट असते. पोटात त्याची साखर होते, ती ग्लुकोज. ही साखर रक्तातून अंगातल्या प्रत्येक पेशीपर्यंत जाते. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्या आत त्याहून बारीक तंतुकणिका असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया असेही म्हणतात. साखरेतली बहुतेक ऊर्जा तिथेच मोकळी होते. परळीच्या वीज केंद्रात कोळसा भडकून जळतो, तसे इथे होत नाही. अंगाच्या नेहमीच्या ३७ अंश उष्णतेत, एकेक पायरीने साखर मोडत जाते. त्यासाठी प्राणवायू लागतो. उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो या चुलीचा धूर समजा.

निघालेली ऊर्जा ‘एटीपी’ नावाच्या रेणूत भरली जाते. या एटीपीचेही आपल्यासारखेच हातावर पोट! शरीरात एका वेळी तो १०० ग्रॅमसुद्धा नसतो. तोच पुन्हा पुन्हा भरायचा आणि खर्चायचा. दिवसभराचा हिशेब केला तर जवळजवळ आपल्या वजनाइतका एटीपी वापरला जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. प्राणवायू मिळाला तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. नाही मिळाला तर फक्त २. भाकरी तीच, पण बळात एवढा फरक!

हा प्राणवायू पेशीपर्यंत नेतात लाल रक्तपेशी. त्यांच्यातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, ते प्राणवायू धरून ठेवते. गंमत अशी की या रक्तपेशींत स्वतःच्या तंतुकणिका नसतात. जन्मभर प्राणवायू वाहायचा, आणि स्वतः मात्र दोन एटीपीवर भागवायचे. दुसऱ्याचे धान्य वाहणाऱ्या हमालाला हे वेगळे सांगायला नको.

लोह कमी पडले की रक्त कमी होते, आणि खाल्लेल्या अन्नाचे बळ होत नाही. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, शेतात पाय उचलत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक! अशा बाईला घरात काय म्हणतात? आळशी. कुठे कुठे अजून दृष्ट काढतात, उतारा टाकतात. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे व्हायला नको.

दर महिन्याच्या पाळीत रक्त जाते, बाळंतपणात जाते. त्यात ताटाची गोष्ट. देह सुकवण्याचा मार्ग सोडून सिद्धार्थाने सुजातेच्या हातचे अन्न घेतले, हे आपण विहारात ऐकतो. पण आपल्या घरची सुजाता सर्वांत शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाचे कालवण येते. काळीज, मटण शिजले तर त्यातल्या लोहाचा अंगाला सर्वांत चांगला उपयोग होतो, आणि नेमके तेच फोड मोजून पुरुषांच्या ताटात जाते. हे आम्ही आमच्याही घरी पाहिले आहे.

सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे. कशामुळे, ते डॉक्टर पाहतील. शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची असते. ती दप्तरात पडून राहू देऊ नये. या गोळीमागे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. गरीब घरातला हा तेलुगू मुलगा अमेरिकेत हार्वर्डला गेला. १९२९ मध्ये एटीपी शोधून काढणाऱ्यांत तो होता, आणि पुढे १९४० च्या दशकात त्याच्याच देखरेखीखाली फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार झाले.

पालेभाजी, हरभरा, डाळ खाताना वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले अंगी लागते. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्यावा. गोळीने शौचाला काळे होते, म्हणून पुष्कळ जणी घाबरून ती बंद करतात. तो रंग लोहाचा असतो. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, आणि चार दिवसांत बरे वाटले म्हणून सोडू नये. डॉक्टरांनी सांगितलेले महिने पुरे करावेत.