‘सिटी ऑफ ग्लास’ : शब्दांतून चित्रांत

कादंबरी : पॉल ऑस्टर, १९८५. ‘न्यूयॉर्क ट्रिलॉजी’चा पहिला भाग.

ग्राफिक नॉव्हेल : पॉल करासिक आणि डेव्हिड मॅझुकेली, १९९४. कृष्णधवल. २००४च्या आवृत्तीला ‘माऊस’कार आर्ट स्पीगलमन यांची प्रस्तावना.

दोन्हींत समान : रहस्यकथा लिहिणाऱ्या क्विनला रात्री फोन येतो. पलीकडच्या माणसाला पॉल ऑस्टर नावाचा डिटेक्टिव्ह हवा असतो. क्विन तोच असल्याचं सोंग घेतो आणि हळूहळू स्वतःलाच हरवून बसतो.

पीटरचं स्वगत : बापाने लहानपणी वर्षानुवर्षं अंधारात कोंडून ठेवलेला पीटर स्टिलमन, म्हणजे तो फोन करणारा, तुटक वाक्यांत बोलतो. कादंबरीत हे स्वगत पानंच्या पानं चालतं. चित्रात संवादाच्या फुग्याचं शेपूट थेट त्याच्या घशात खोल उतरतं, पुढे तर निर्जीव वस्तूंमधून निघतं. पीटरचा आवाज त्याचा उरलेला नाही, हे नजरेलाच कळतं.

नऊ चौकटी : बहुतेक पानं तीन ओळी, तीन रकाने अशी आखलेली आहेत. ही जाळी कधी खिडकी भासते, कधी तुरुंगाचे गज. क्विन ढासळतो तशा शेवटी चौकटीही विस्कटतात. ऑस्टरने निवेदनातून साधलेला परिणाम इथे पानाची रचनाच साधते.

काय गळलं : भाषेविषयीच्या दीर्घ चिंतनाचा बराच भाग संक्षिप्त झाला आहे. त्यासाठी मूळ पुस्तकाला पर्याय नाही.

कसं वाचावं : आधी कादंबरी, मग चित्ररूप. उत्तम रूपांतर मूळ कलाकृतीचा नवा अर्थ लावतं, याचा हा अस्सल पुरावा आहे.