फांदी समजून बसला पंख्यावर

पोट्टेहो, मे महिन्यातला अकोला डोळ्यांसमोर आणा. पारा 45 च्या वर, खिडकीत कूलर घरघरतोय, अन् कोणी ओरडतं, "पंखा बंद करा!" कोण ऐकेल? पण माझ्या अकोल्याच्या नातीकडे ऐकावंच लागायचं, कारण पिंजऱ्याचं दार उघडलं रे उघडलं की तिचा कॉकाटिएल थेट छताच्या पंख्यावर. कोणाच्या हाताने बटण दाबलं गेलं असतं, तर पात्याच्या एका फटक्यात खेळ खलास.

कॉकाटिएल हा ऑस्ट्रेलियातला लहानसा पोपट. अंग राखाडी, तुरा पिवळा, गालावर शेंदरी ठिपका. आपला हिरवा राघू मात्र घरात ठेवायचा नाही, बरं का. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. राघू पाहायचा तर अमरावतीला वडाळी तलावाकाठी पाहावा, नाहीतर ज्वारी हुरड्यावर आली की शेतात.

"आबाजी, हा पंख्यावरच काऊन बसते? आम्ही रोज हाकलतो त्याले," नातीने विचारलं.

त्याचं उत्तर तिकडे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर आहे. तिथे हे पक्षी थव्याने जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतात. मान खाली, अन् वर आभाळात ससाणा! म्हणून तर पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. दाणा टिपता टिपताही आजूबाजूचं अन् वरचं दिसत राहतं. जरा खुट्ट झालं की अख्खा थवा उडतो अन् वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो. पानं नाहीत, म्हणजे चौफेर नजर जाते. तुमच्या बैठकीच्या खोलीत सगळ्यात उंच, बिनपानाची फांदी कोणती? सांगा पाहू. हट्ट कुठला, पूर्वजांची अक्कल आहे ती.

अन् धरायला पायही कसे! चिमणीची तीन बोटं पुढे, एक मागे. पोपटाची दोन पुढे, दोन मागे. सांडशीसारखी पकड. पेरू धरून खायलाही तोच पाय कामी येतो. त्यातही गंमत अशी की ऑस्ट्रेलियातल्या कित्येक मोठ्या जाती डावऱ्या आहेत. कॉकाटिएल मात्र पायात धरून खाण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही.

मी नातीला विचारलं, "हाकलता म्हणजे काय करता?" तर आई टॉवेल घेऊन धावते, भाऊ दिवाणावर चढून टाळ्या वाजवतो, अन् आजी दारात उभी राहून हसते, "पाहा वं माय, कसा तुरा उभारून राह्यला!" आता त्याच्या बाजूने विचार करा. थव्यात राहणारा जीव दिवसभर एकटा. पंख्यावर बसलं की सगळा थवा गोळा होतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्यासाठी नाचतो. आपण ज्याला शिक्षा म्हणतो, तो त्याला प्रसाद वाटतो.

स्किनर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. 1948 साली त्यांनी आपला एक प्रयोग छापला. भुकेल्या कबुतराला पेटीत ठेवायचं अन् ते काही करो न करो, ठरावीक वेळाने दाणे पुढे करायचे. झालं काय, दाणे आले तेव्हा एक कबुतर योगायोगाने गिरकी घेत होतं, ते गिरक्याच घेत बसलं. दुसरं मान कोपऱ्याकडे झटकत राहिलं. 8 पैकी 6 कबुतरांना असलं काही ना काही जडलं. पक्ष्याच्या हिशेबात बक्षीस येतं त्या क्षणाला चिकटून. आपल्या मनात काय होतं, ते त्याला कुठून कळणार?

मग आम्ही त्याच्यासाठी दुसरं झाड लावलं. पेरूची फांदी आणली, कुठे जाड कुठे बारीक. गुळगुळीत, एकसारख्या दांडीवर सदा एकाच जागी भार येतो अन् तळपायाला फोड धरतात. फांदी धुऊन, वाळवून खिडकीजवळच्या कोपऱ्यात, मोठ्या माणसाच्या डोक्याहून उंच बांधली. तिच्यावर लटकवलं ज्वारीचं कणीस. पिंजऱ्यात कणीस बंद! ते मिळेल फक्त या फांदीवर.

नातीच्या हातात आइस्क्रीमची काडी दिली. काडीला चोच लागली की जिभेने 'टक्', अन् लगेच राळ्याचा दाणा. 'टक्' कशाला? दाणा चोचीपर्यंत पोचेस्तोवर स्वारी भलतंच काही करून बसते. आवाज नेमका क्षण पकडतो: हे केलंस ना, त्याचाच हा दाणा. काडी थोडी थोडी सरकवत ती त्याला फांदीपर्यंत घेऊन गेली.

अन् पंख्यावर गेला तर? बटण बंदच, पण कोणी धावायचं नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. आधी त्याने घर डोक्यावर घेतलं. असंही पुष्कळदा होतं. सवय मरायच्या आधी एकदा उसळते, अन् नेमकं तेव्हाच माणसं हार मानतात. आमच्याकडे हारली ती आजी. "उपाशी लेकरू हाय," म्हणून तिने खालून हात वर करून दाणा दाखवलाच. कधीतरीच मिळणारं बक्षीस सवयीला जास्त घट्ट धरून ठेवतं, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला विचारा. तेव्हा राळ्याचा डबा फडताळात गेला अन् किल्ली नातीकडे.

आता तो फांदीवर उतरतो, कणीस सोलतो, टरफलं खाली सांडतो. तुरा अर्धवट मागे कललेला असतो. भ्यायला की तोच ताठ उभा राहतो. बाहेर असला की पंखा बंदच. अकोल्यातली माणसं तेवढा वेळ कूलरपुढे बसतात.