फायलीचे पूर्वरूप

सरकारी कचेऱ्यांतून मसुद्याची एक शिस्त वर्षानुवर्षे पाळली गेली. कारकुनाने तयार केलेल्या मसुद्यात वरिष्ठाने दुरुस्ती केली, तर मूळ शब्दावर केवळ एक रेघ ओढावयाची. तो शब्द रेघेखालून वाचता आलाच पाहिजे. शेजारी आद्याक्षरे व तारीख. शब्द खरवडून काढणे किंवा पानच बदलणे हा अपराध मानला जाई. पूर्वी काय लिहिले होते, ते कोणी बदलले आणि केव्हा बदलले, असा प्रश्न पुढे कधी निघाला, तर त्याचे उत्तर त्याच कागदावर सापडे. संगणकावरील साध्या फायलीत ही सोय नसते. तेथे नवा शब्द आला की जुना नाहीसा होतो, आणि फाईल जतन करून बंद केली की कालचे रूप आजच्या रूपाखाली गाडले जाते.

पत्राच्या बाबतीत ही उणीव एक वेळ खपून जाईल. परंतु संगणकाने काय करावे हे सांगणारा जो मजकूर असतो, ज्याला प्रोग्राम म्हणतात, त्याची प्रकृती फार नाजूक. एखादे चिन्ह चुकले तरी सारे काम थांबते; त्याहून वाईट म्हणजे, काम न थांबता उत्तरे चुकीची येऊ लागतात. कालपर्यंत बिनचूक होणारा वेतनाचा हिशेब आज चुकू लागला, तर पहिला प्रश्न हाच की काल या फायलीत काय होते? हा प्रश्न ज्यांना रोज भेडसावतो ती मंडळी प्रारंभी प्रती करून ठेवीत. ‘वेतन’, ‘वेतन-नवे’, ‘वेतन-शेवटचे’, ‘वेतन-अगदी-शेवटचे’ अशा नावांच्या फायलींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या उपायाची मर्यादा निराळी सांगावयास नको.

या कामासाठी स्वतंत्र व्यवस्था प्रथम उभी केली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी, १९७२ मध्ये. प्रत्येक वेळी पूर्ण फाईल न ठेवता आधीच्या व नंतरच्या रूपांतील फरक तेवढे त्यांनी साठविले. १९८० नंतरच्या दशकात वॉल्टर टिची यांनी त्यात एक मार्मिक बदल केला. माणसाला बहुधा ताजी आवृत्ती हवी असते, जुनी क्वचित. म्हणून ताजी आवृत्ती अखंड ठेवावी आणि मागे जाण्यासाठी लागणारे फरक उलट्या दिशेने नोंदावेत. आज सर्वाधिक वापरात असलेली ‘गिट’ ही व्यवस्था मात्र निकडीतून जन्मली. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यावर जगभरातील हजारो माणसे काम करीत. त्यांच्या दुरुस्त्या सांभाळण्यासाठी एका खाजगी कंपनीचे साधन वापरले जाई. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याची फुकट मिळणारी सवलत बंद झाली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात स्वतःचे साधन लिहावयास घेतले, आणि काही दिवसांतच ते साधन स्वतःच्याच आवृत्त्या सांभाळू लागले.

गिटमध्ये एकच फाईल तीन ठिकाणी नांदते, हे ध्यानी घेतल्यावाचून मागे जाण्याची आज्ञा नीट समजत नाही. एक, डोळ्यांसमोरची कामाची प्रत. तीत माणूस हवी तशी खाडाखोड करीत असतो. दुसरी जागा म्हणजे ‘इंडेक्स’. पुढच्या नोंदीत काय घालावयाचे ते वेचून येथे ठेवतात. टपालात टाकण्यापूर्वी पत्रे एका तबकात काढून ठेवावीत तसे. तिसरे म्हणजे नोंदींचे भांडार. तेथे जाणाऱ्या प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. तीत त्या क्षणीचे सर्व फायलींचे रूप, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ आणि आधीच्या नोंदीचा निर्देश असतो. जी फाईल बदललेली नाही, तिची दुसरी प्रत ठेवली जात नाही. नोंदीला नाव मिळते तेही तिच्या मजकुरातूनच गणिताने काढलेले, सामान्यतः चाळीस चिन्हांचे. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी नाव बदलते, आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचे नाव गुंफलेले असल्यामुळे पुढच्या साऱ्या नोंदींची नावेही बदलतात. मधलेच पान गुपचूप बदलणे यामुळे लपून राहत नाही. जुन्या कचेरीतील दंडकाचे हे गणिती रूप म्हणावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष आज्ञा. ‘गिट रिस्टोअर’ असे लिहून पुढे फायलीचे नाव दिले, की कामाच्या प्रतीतील मजकूर जाऊन त्या जागी इंडेक्समधील मजकूर येतो. इंडेक्समध्ये नवे काही वेचून ठेवले नसेल, तर तो शेवटच्या नोंदीतलाच मजकूर असतो. त्याहून जुने रूप हवे असेल, तर ‘सोर्स’ हा पर्याय जोडून त्या नोंदीचे नाव सांगावे लागते; फाईल तेवढी त्या काळात जाते, बाकीचे काम आहे तेथेच राहते. ‘स्टेज्ड’ हा पर्याय दिला, तर कामाच्या प्रतीला धक्का न लावता केवळ तबकातील पत्र परत काढले जाते. शेवटच्या नोंदीपूर्वीचे रूप अशा रीतीने आणले तरी नोंदींचा इतिहास बदलत नाही. आणलेले जुने रूप ही कामाच्या प्रतीतील एक नवी दुरुस्तीच ठरते, आणि ती टिकावयाची तर तिचीही नोंद करावी लागते.

या आज्ञेचे नाव आश्वासक आहे. धोका तेथेच आहे. ‘रिस्टोअर’ म्हणजे पूर्ववत करणे. पण पूर्वीचे आणण्यासाठी आताचे पुसावे लागते, आणि ते पुसण्यापूर्वी गिट काहीही विचारीत नाही. एखाद्याने सकाळपासून चार तास खपून फाईल सुधारली, तिची नोंद केली नाही, इंडेक्समध्येही ठेवली नाही, आणि एका किरकोळ चुकीने गोंधळून ही आज्ञा दिली, तर त्या चुकीबरोबर चार तासांचे सारे काम जाते. ते भांडारात सापडत नाही, कारण भांडारात ते कधी गेलेच नव्हते. लेखनाचे साधन उघडे असेल, तर त्याच्या स्वतःच्या स्मरणातून काही निघेल तेवढेच. तोच मजकूर एकदा जरी इंडेक्समध्ये ठेवलेला असता, तर त्याची प्रत भांडारात उतरली असती आणि पुढील काही दिवस शोधून काढता आली असती. म्हणून जाणते लोक आधी ‘गिट डिफ’ने काय पुसले जाणार ते पाहतात. शंका असेल, तर ‘गिट स्टॅश’ने हातातले काम बाजूला ठेवतात. जुने रूप नुसते पाहावयाचे असेल तर ‘गिट शो’ पुरते. त्याने कशालाच धक्का लागत नाही.

‘रिस्टोअर’ ही आज्ञा तशी उशिरा आली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. तोवर हे काम ‘चेकआउट’कडे होते, आणि कामाच्या एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर जाण्याचे कामही तिच्याकडेच. पहिले काम पुसणारे, दुसरे बव्हंशी निरुपद्रवी. आज्ञा मात्र एकच. एका शिपायाकडे रद्दी जाळण्याचे व टपाल पोहोचविण्याचे काम एकाच हाकेवर सोपविण्याचा हा प्रकार होता. पुढे येते ते शाखेचे नाव नसून फायलीचे आहे, हे सांगण्यासाठी मध्ये दोन आडव्या रेघा द्याव्या लागत. जुनी आज्ञा आजही चालते. मात्र एक भेद आहे: जुन्या नोंदीतून फाईल आणताना ‘चेकआउट’ ती कामाच्या प्रतीत आणि इंडेक्समध्ये, दोन्हीकडे ठेवते; ‘रिस्टोअर’ सांगितल्याखेरीज इंडेक्सला हात लावीत नाही.

फाईल पूर्वीच काढून टाकली असेल, तर नवखा माणूस हमखास अडतो. तो इतिहासातून फाईल काढल्याची नोंद शोधतो व तीच ‘सोर्स’ म्हणून देतो, आणि फाईल तेथे नसल्याचे उत्तर ऐकून चक्रावतो. त्या नोंदीत फाईल असणार कशी? तिने तर ती काढली. एक पायरी मागे, तिच्या आधीच्या नोंदीकडे गेले पाहिजे. नोंदीच्या नावापुढे लाटेसारखे चिन्ह व १ हा अंक लिहिला की ती पायरी उतरली जाते.

एखादी संपूर्ण नोंदच चुकीची ठरली, तर दोन वाटा असतात. ‘रिव्हर्ट’ ही आज्ञा उलट बदलांची नवी नोंद करते; जुनी चूक व तिची दुरुस्ती दोन्ही इतिहासात राहतात. सामाईक कामात हीच वाट योग्य, कारण आधीच्या नोंदींवर इतरांनी आपले काम रचलेले असते. मात्र एखाद्याने चुकून परवलीचा शब्द नोंदीत घातला असेल, तर ‘रिव्हर्ट’ने तो जात नाही, मागच्या पानावर कोणालाही वाचता येतो. तेथे प्रथम परवलीचा शब्दच बदलावा लागतो. ‘रिसेट’ ही दुसरी वाट शाखेचे टोकच मागे सरकविते. तीत ‘हार्ड’ हा पर्याय दिला, तर कामाच्या प्रतीतील न नोंदलेले बदलही जातात. मागे पडलेल्या नोंदी मात्र लगेच नष्ट होत नाहीत. शाखांची टोके कोठून कोठे हलली याची एक रोजनिशी गिट ठेविते. तिला ‘रिफ्लॉग’ म्हणतात. असे मागे पडलेले टोक मूळ व्यवस्थेनुसार तीस दिवसपर्यंत तिच्यात सापडते. ही रोजनिशी त्या एका संगणकापुरतीच असते. भांडाराची प्रत दुसरीकडे नेली, तरी ती बरोबर जात नाही.