रक्त तपासणी : सीरम की प्लाझ्मा?



"एका माणसाचं रक्त, मग तीन-तीन नळ्या कशाला?" हा प्रश्न आरोग्य शिबिरात हमखास येतो. उरलेले रक्त परस्पर विकतात अशी शंकाही काहींनी बोलून दाखवली. तसे काही नाही. नळ्या वेगळ्या, कारण तपासण्या वेगळ्या.

साध्या नळीत रक्त ठेवले की साधारण अर्ध्या तासात गोठते. मग नळी यंत्रात गरगर फिरवतात. हे यंत्र म्हणजे आपल्या कारखान्यातल्या सेंट्रिफ्यूगलचे धाकटे भावंड समजा. गाठ तळाला बसते, वर पिवळसर निवळी राहते. ते सीरम. नळीत आधीच रक्त न गोठण्याचे औषध असेल तर वर राहतो तो प्लाझ्मा. गोठण्याच्या कामी येणारे फायब्रिनोजेन प्लाझ्मात शिल्लक असते. सीरममध्ये ते गाठीत खर्ची पडलेले असते.

यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल यांसाठी बहुधा सीरम चालते. रोगी अत्यवस्थ असेल, तर गोठण्याची वाट कोण बघणार? तेव्हा हिरव्या टोपणाच्या नळीतला हेपॅरिनचा प्लाझ्मा बरा, लगेच फिरवता येतो. पोटॅशियमसाठीही तो सरस. कारण रक्त गोठताना त्यातल्या बिंबाणू पेशी पोटॅशियम सोडतात, म्हणून सीरममध्ये आकडा थोडा जादा येतो. उलट जांभळ्या टोपणाच्या नळीतले औषध बहुधा पोटॅशियमचाच क्षार असते आणि ते कॅल्शियम बांधून टाकते. त्यातले रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले, तर पोटॅशियम भलतेच चढलेले आणि कॅल्शियम घसरलेले दिसते. धडधाकट माणसाच्या घरात रडारड!

हृदयाची झडप बदललेले, रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे काही सभासद आहेत. त्यांच्या तपासणीला सीरम मुळीच चालत नाही, कारण जे मोजायचे तेच गाठीत गेलेले असते. तिथे फिकट निळ्या टोपणाची सायट्रेटची नळी लागते. नऊ भाग रक्ताला एक भाग औषध, हे माप ठरलेले. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर औषध जास्त होते, रक्त गोठायला वेळ लागतो असे खोटेच दिसते, आणि गोळी विनाकारण कमी केली जाते.

आता साखरेचे. आपली नव्हे, रक्तातली! पण न्याय तोच. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे सभासदांना सांगायला नको. नळीतल्या पेशीही जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. वेगळे न केलेले रक्त नुसते ठेवले तर दर तासाला साखर साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. उपाशीपोटी खरी साखर 140 असेल, तर चार तासांनी ती 105 ते 115 च्या घरात दिसेल. मधुमेहाची रेघ 126 ला आहे. म्हणजे रोगी कागदावर बरा!

माझ्या चुलत्यांचे असेच झाले. सकाळी सातला गावात साध्या नळीत रक्त घेतले, ते दुपारी तालुक्याला पोचले. आकडा बघून म्हातारा खूश. "गेली बघ साखर," म्हणत गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी पायाची जखम चिघळली तेव्हा डोळे उघडले.

म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइडची नळी मागावी. तिचाही अंमल पुरता बसायला तास-दोन तास जातात, तेव्हा रक्त लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणे हेच उत्तम. शिबिरात नाव नोंदवताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: नळी कोणती, आणि रक्त किती वाजता फिरवणार?